पावणेसातची हाक

चौदा महिन्यांपूर्वी वारलेल्या माणसाचा हात त्याला मंगळवारी सकाळी पावणेसातला ऐकू आला. हात ऐकू येतो हे बाहेरच्या कुणाला सांगून पटत नाही, आणि पटवायच्या फंदात तो आता पडतही नसे. पण तारेच्या त्या कडकट्टमध्ये, मोर्सच्या टिंब-रेघांत, प्रत्येकाचा हात वेगळा असतो. जिन्यावरच्या पावलांवरून वर कोण येतंय ते घरातल्यांना जसं न बघता कळतं, तसं टिंबं आणि रेघा पाडायच्या लयीवरून चावीवर, म्हणजे संदेश ठोकायच्या खटक्यावर, कोण बसलंय ते कळतं. ह्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं वरचं पेर तरुणपणी लेथमध्ये गेलेलं होतं. चावी सोडायला त्याला केसभर उशीर व्हायचा, त्यामुळे अक्षर रेघेवर संपलं की ती रेघ पाय ओढत आल्यासारखी यायची. हेडफोनमध्ये आधी नुसती खरखर होती, शहर जागं होतानाची, चार्जरची, दिव्यांची, लिफ्टच्या मोटारीची. तिच्या पार तळाशी कुणीतरी हाक घालत होतं. कुणी आहे का, कुणी आहे का, आणि मग परवान्यावर मिळालेली ती सहा अक्षरं, जी हौशी रेडिओवाल्याचं हवेतलं नाव असतात आणि तो गेला की फायलीत परत जातात. सहावं अक्षर रेघेवर संपत होतं. रेघ लंगडत आली. त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी, नळाचं पाणी, बायकोच्या बांगड्या असं सगळं एकेक करून ऐकलं, म्हणजे आपले कान जागेवर आहेत याची खात्री करून घेतली. मग पुन्हा हेडफोन चढवला. हाक चालूच होती. त्याचा उजवा हात मांडीवर होता, चावीपासून वीतभर अंतरावर, आणि तो तिथेच राहिला. 'आज सवत काय म्हणते?' असं बायकोने आतून विचारलं. रेडिओला ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून सवत म्हणत आली होती; आणि वर म्हणायची, बरी आहे बिचारी, झिरोच्या दिव्याएवढी वीज खाते, साडी मागत नाही. काही नाही, गडबड आहे नुसती, असं त्याने सांगितलं आणि स्विच बंद केला.

दिवसभर तो दवाखान्यात कान तपासत राहिला. एकवीस वर्षं तो हेच करत होता. काचेची छोटी खिडकी असलेली आवाजबंद खोली, आत खुर्चीवर बसलेला माणूस, बाहेर मशीनशी तो. आवाज आला की बटण दाबा, अगदी बारीक आला तरी दाबा, हे वाक्य तो झोपेतसुद्धा म्हणाला असता. त्या मंगळवारी एक निवृत्त शिंपीकाका आले होते. त्याने आवाज सोडला की ते बटण दाबत नव्हते आणि त्याने काहीच सोडलेलं नसताना ते दाबत होते, चेहऱ्यावर अगदी समाधान. ह्यात नवीन काही नव्हतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला सर्वांत जास्त ऐकू येतं. शांततेत ताटकळत बसलेला कान स्वतःच्या पदरचा आवाज घालतो. अशा वेळी तो मायक्रोफोनमधून शांतपणे म्हणायचा, की काका, घाई नाही, खरंच आला तरच दाबा. आज तो तसं म्हणाला आणि पुढचा आवाज सोडायला विसरला. काका बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, किती ऐकू आलं मला? त्याने कागद दाखवला. त्यांनी कागदाकडे न बघता त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, तुम्हाला बरं नाही का?

घड्याळजी आणि तो, म्हणजे हा वारलेला माणूस आणि तो, सव्वीस वर्षांत एकमेकांना फार तर पाच वेळा भेटले असतील. घड्याळजी बसने चार तासांवरच्या गावात राहायचे, घड्याळं दुरुस्त करायचे, वयाने त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. समोरासमोर भेटले की तो त्यांना अहोजाहो करायचा. पण चावीवर 'तुम्ही' पाडायला 'तू'च्या दुप्पट वेळ लागतो, म्हणून हवेत ते पहिल्या दिवसापासून अरेतुरेवर होते. त्यामुळे झालं असं की, भेटले की दोघे अवघडून जायचे, चहा पीत हवापाण्याबद्दल बोलायचे, आणि कधी एकदा आपापल्या घरी जाऊन एकमेकांशी बोलतो असं त्यांना व्हायचं. दोघेही कमी ताकदवाले. हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबातले बाकीचे शंभर-शंभर वॅटची यंत्रं लावून दुनियेला दणाणून सोडायचे. ह्या दोघांनी पेपरमिंटच्या डब्यात मावतील असे संच स्वतः जोडलेले, दोन वॅट, जास्तीत जास्त तीन. घड्याळजी म्हणायचे, ओरडलं की कुणालाही ऐकू जातं, कुजबुजायला समोर ऐकणारा लागतो. रोज सकाळी पावणेसात ही वेळ त्यांनीच ठरवली, कारण सात वाजता त्यांच्या गल्लीत पाण्याचे पंप सुरू व्हायचे आणि त्यांच्या खरखरीत सगळं बुडायचं. पंधरा मिनिटं. त्यात बोलायचं तरी काय? आवाज कसा येतोय, तार कुठे बांधली, पाऊस आहे की ऊन, काल कुणाचं घड्याळ आलं होतं. त्याच्या वडलांना स्मशानात पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी पावणेसातला तो नेहमीसारखा बसला होता. वडील गेले, एवढंच त्याने पाडलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही, आणि मग ते लंगडतं अक्षर आलं, आहे मी, आणि पंप सुरू होईपर्यंत दर मिनिटाला एकदा, आहे मी, आहे मी. त्याच्या सख्ख्या भावाने त्या दिवशी तासभर फोनवर समजूत घातली होती. त्यातलं त्याला आज एक वाक्य आठवत नव्हतं.

मग हवा बदलत गेली. कधी बदलायला लागली ते नक्की सांगता येणार नाही. केस कधी पांढरे झाले ते तरी कुठे सांगता येतं? आधी परवान्याच्या परीक्षेतून तारेची भाषा गेली. सायकल दुकानाच्या वरच्या खोलीत भरणाऱ्या क्लबात खुर्च्या तेवढ्याच राहिल्या आणि माणसं कमी झाली. सेक्रेटरी दर सभेत सरासरी वय काढायचा आणि दर वर्षी ते बरोबर एका वर्षाने वाढलेलं असायचं, म्हणजे नवीन कुणी येत नव्हतं. शहराची खरखर इतकी चढली की पूर्वी जे आवाज खिडकीत बसलेल्या चिमणीएवढे स्पष्ट यायचे ते आता आले आणि गेले हेही कळेना. आणि मग ती नवी पद्धत आली. संगणक संगणकाशी बोलतो, माणसाच्या कानाला अजिबात न कळणारा आवाज खरखरीच्या खालून उपसून काढतो, पाव-पाव मिनिटाच्या पाळीने दोघे एकमेकांना नाव सांगतात, आवाजाचा आकडा सांगतात आणि निरोप घेतात. तेवढ्या वेळात माणूस चहा ठेवून येऊ शकतो. क्लबात सगळे हरखले. कमी ताकदवाल्यांचं तर सोनं झालं म्हणे, अर्ध्या वॅटवर पृथ्वीला वळसा. त्याला ते कसंसंच वाटायचं, पण कसंसंच वाटतं हे काही सभेत मांडायचं कारण होत नाही. त्या वर्षीच्या मेळाव्याला घड्याळजी मुद्दाम बसने आले, आणि सगळ्यांसमोर उभे राहून त्यांनी सांगितलं, की मी आता ही नवी पद्धत घेतली, चावी बंद. त्याला हे आधी ठाऊक नव्हतं. गेल्या दोन महिन्यांत पावणेसातला ते येत नव्हते तेव्हा, दुकानात गर्दी आहे, डोळ्याचं काम निघालं, असं फोनवर सांगत होते. त्याच्या तोंडातून विनोद बाहेर आला. तो उठून म्हणाला, त्यापेक्षा दोन फ्रिज समोरासमोर ठेवा, तेही रात्रभर एकमेकांशी गुरगुरतात, आणि शिवाय भाजी ताजी राहते. खोलीभर हशा झाला. घड्याळजीही हसले, सगळ्यांत शेवटी थांबले, आणि खाली बसताना त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

ते हात खिशात का गेले हे त्याला ते वारल्यावर कळलं. कंपवात. दोन वर्षं होता. क्लबात कुणाला सांगितलेला नव्हता. घड्याळजीचा हात थरथरतो ही बातमी गावात फिरली असती तर दुकानात काळं कुत्रं आलं नसतं. पण ते वारले त्याच्या आधी, मेळाव्यानंतर साताठ महिन्यांनी, एका सकाळी पावणेसातला ती हाक पुन्हा आली होती. तो रोज बसायचाच. सवय म्हणून बसायचा, कुणाची वाट बघत नाही असं स्वतःला सांगून बसायचा. आली तेव्हा त्याला हात ओळखायलाच वेळ लागला. टिंबं सांडल्यासारखी, कुठे तीनच्या जागी पाच, रेघा मध्येच तुटलेल्या. त्याची सहा अक्षरं, मग त्यांची सहा अक्षरं. त्याला आधी वाटलं, प्यालेत. मग वाटलं, चेष्टा करतायत, जुनी पद्धत कशी मोडकी आहे ते दाखवतायत. आणि हे दोन्ही खरं नाही हे आत कुठेतरी माहीत असतानाही त्याला वाटलं, घालू देत आणखी दोनचार दिवस हाका. येऊ दे जरा शरण. त्यांचं नाव पाडून होईपर्यंत तो ऐकायचा, आणि पुढे काही यायच्या आत हेडफोन काढून ठेवायचा. असं त्याने अकरा सकाळी केलं. अकराव्या दिवशी त्याने ठरवलं, की उद्या द्यायचं उत्तर, आता पुरे. बाराव्या दिवशी नुसती खरखर होती. पुढच्या आठवड्यात सेक्रेटरीचा निरोप आला. त्याने घड्याळजींच्या बायकोला, वहिनींना, फोन केला, तो दोन मिनिटं चालला, त्यात त्या म्हणाल्या, शेवटीसुद्धा सकाळी बसायचे हो ते, आणि तो म्हणाला, अलीकडे हवाच खराब आहे, काही ऐकू येत नाही. हे वाक्य म्हणाल्यापासून आजवर त्याने कुणाला काही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. पावणेसातला बसणं सोडून तो रात्रीच बसायचा; त्या मंगळवारी कित्येक महिन्यांनी सकाळी बसला होता. फक्त तेव्हापासून बेसिनशी दात घासताना, रस्ता ओलांडताना, दवाखान्यात मशीनसमोर, त्याला मध्येच ती मोडकी लय ऐकू यायची, आणि तो कानात बोट घालून हलवायचा, पाणी गेल्यासारखं.

पण मंगळवारचा हात मोडका नव्हता. हे त्याला बुधवारी, दुसऱ्यांदा ऐकताना ध्यानात आलं. हा हात पंधरा वर्षांपूर्वीचा होता. लंगडा, पण ठणठणीत. बुधवारीही त्याने चावीला हात लावला नाही. गुरुवारी तो सहालाच उठला, आंघोळ करून बसला, जणू कुणाकडे जायचं होतं. हाक आली. त्याने चावीवर बोटं ठेवली. त्याने स्वतःची सहा अक्षरं पाडली. पलीकडून लगेच, अगदी लगेच, ती परत आली, मग आवाजाचा आकडा, मग घड्याळजींचं नेहमीचं वाक्य: इथे सगळं ठीक, तुझ्याकडे हवा कशी? ह्या वाक्यातला 'हवा' हा शब्द ते जरा घाईत पाडायचे. तोही तसाच आला. बायको चहा ठेवायला आली होती, ती त्याचा चेहरा बघून कपबशी हातात धरून तिथेच उभी राहिली. त्याने पाडलं, तू कोण? उत्तर आलं, इथे सगळं ठीक, तुझ्याकडे हवा कशी? त्याने पाडलं, मी ऐकलं होतं, तेव्हा मी ऐकलं होतं. त्याची अक्षरं धावत सुटली होती. उत्तर आलं, आभार, पुन्हा भेटू, आणि मग दुसऱ्या कुणासाठी नव्याने हाक सुरू झाली, त्याच लयीत, कुणी आहे का, कुणी आहे का.

सेक्रेटरीला फोन लावला तेव्हा तो आनंदाने म्हणाला, ऐकलंत का शेवटी, मी म्हणतच होतो तुम्हीच राहिलात. वहिनींचीच इच्छा होती ती. क्लबातल्या सॉफ्टवेअरवाल्याने घड्याळजींची जुनी ध्वनिमुद्रणं जमवली, यंत्राला त्यांचा हात शिकवला, आठवण म्हणून त्यांचं नाव पुन्हा वापरायची परवानगी काढली, आणि त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच तारेला, एक एवढासा संगणक जोडून दिला. रोज दोनदा, सकाळी पावणेसात आणि संध्याकाळी पाच. महिन्याभरात साठ देशांतून उत्तरं आली. जिवंतपणी त्यांना एवढी माणसं कधी भेटली नव्हती, असं सेक्रेटरी म्हणाला, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन थोडा थांबला. मग म्हणाला, बघा, तुम्ही जुन्या मताचे आहात ते ठाऊक आहे मला. पण आपण सगळेच जाणार, मागे कुणी येत नाहीये. माणसं नसतील तेव्हा निदान आपले हात तरी हवेत राहतील. तुमचीही जुनी ध्वनिमुद्रणं असतील तर पाठवून ठेवा. त्याने बरं म्हणून फोन ठेवला. त्या दुपारी कान तपासताना त्याच्या मनात आलं, की आपण गेल्यावर आपला हात असा हाका घालत राहील आणि ज्याला यायचं तो उत्तर देईल, आणि आपण मात्र, जन्मात पहिल्यांदाच, प्रत्येकाला न चुकता, लगेच उत्तर देऊ. त्याला उठून जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं.

शनिवारी तो बसने गेला. बायको येते म्हणाली, तिला नको म्हटलं, तेव्हा तिने कारण विचारलं नाही, फक्त डबा दिला. घड्याळजींचं घर दुकानाच्या मागेच होतं. दुकानाचं शटर खाली होतं. दार वहिनींनी उघडलं. त्या बारीक झाल्या होत्या आणि केस कापून आखूड केले होते, त्यामुळे आधीपेक्षा तरुणच दिसत होत्या. या भाऊजी, म्हणाल्या, वाट चुकलात का? त्याने डबा टेबलावर ठेवला. दोघांनी जेवून घेतलं. बोलणं त्याच्या नोकरीवरून आणि त्यांच्या गुडघ्यावरून हिंडत राहिलं. मग त्यांनी आतली खोली दाखवली. खिडकीपाशी घड्याळकामाचं टेबल, त्यावर डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे लहानमोठे लावून ठेवलेले. दुसऱ्या टेबलावर पेपरमिंटच्या डब्यातला संच, चावी, आणि तिच्याजवळ काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी, हिरवा दिवा लागलेली. चावीची तार मात्र सोडवून गुंडाळून ठेवली होती. तिचं आता काम नव्हतं. खुर्ची टेबलाखाली पूर्ण आत सरकवलेली होती. त्या म्हणाल्या, एकतीस वर्षं ती कटकट ऐकत उठले मी. हे गेल्यावर घर बहिरं झालं. म्हणून मीच मागे लागले त्या लोकांच्या. पहिले काही दिवस चहा करताना आवाज आला की बरं वाटायचं. आणि आता? असं त्याने विचारलं.

'आता मला कळतं, की हा थांबत नाही,' त्या म्हणाल्या. 'म्हणजे थांबतो, पण मोजून थांबतो. हे हाक घालून झाली की थांबायचे ना, तेव्हा खोलीत कुणीतरी यायचं आहे असं वाटायचं. दाराबाहेर मीसुद्धा श्वास धरायची. ह्याच्या थांबण्यात कुणी यायचं नसतं.'

ते दोघे बाहेरच्या खोलीत येऊन बसले. त्या सांगत होत्या, शेवटी शेवटी चमचा धरवत नसे त्यांना, भरवावं लागे, पण सकाळी त्या खुर्चीत बसवा म्हणून हट्ट. मी विचारायची, कुणाला बोलावताय? तर तुमचं नाव घ्यायचे. मी म्हणायची, देतोय का तो उत्तर? तर म्हणायचे, आहे तो. ऐकतोय. दोन वॅट, चार तासांचं अंतर, आणि ऐकणारा गप्प बसला तर तो आहे हे कळायची ह्या जगात कुठलीही सोय नाही. हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? वहिनींनी सहज पुढे म्हटलं, पण तुम्ही म्हणालात ना फोनवर, हवा खराब होती. त्यांनी ते प्रश्न म्हणून विचारलं नव्हतं. हो म्हटलं असतं तर ते तिथेच संपलं असतं, संध्याकाळची बस मिळाली असती.

'हवा चांगली होती,' तो म्हणाला. 'मी होतो वहिनी. अकराच्या अकरा दिवस. ऐकत होतो.'

त्याने सगळं सांगितलं. मेळावा, विनोद, त्यांनी न सांगता चावी सोडली त्याचा राग, येऊ दे शरण असं मनात म्हटल्याचं, नाव ऐकलं की हेडफोन काढून ठेवायचा ते. सांगताना तो त्यांच्याकडे बघत नव्हता, रिकाम्या डब्याच्या झाकणाकडे बघत होता. फ्रिजचा विनोद सांगायला लागला तेव्हा त्या म्हणाल्या, ठाऊक आहे तो मला, आल्या आल्या सांगितला होता त्यांनी, नंतर शेजाऱ्यांनाही सांगितला. बाहेर गल्लीत कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, 'मला वाटलंच होतं, असं नाही म्हणणार मी. मला नव्हतं वाटलं. मला राग आलाय, भाऊजी. पण तो मी नंतर बघीन. आधी एक काम करा.' आणि त्यांनी फोन आणला. त्या शेवटच्या दिवसांत त्या दाराआडून, चोरून, फोनमध्ये तो आवाज घेऊन ठेवायच्या. कशासाठी, ते त्यांचं त्यांनाही माहीत नव्हतं. माणूस जाताना दिसत होता, हाताला लागेल ते धरून ठेवत होत्या. क्लबातल्या लोकांना त्यांनी हे दिलं नव्हतं. एकतीस वर्षांत ते काय बोलायचे ह्यातलं एक अक्षर त्यांना कधी कळलं नव्हतं, आणि विचारलं की घड्याळजी म्हणायचे, काही नाही गं, हवापाणी.

त्याने कागद मागून घेतला. पहिल्या तुकड्यात त्याचं नाव आलं, त्यांचं नाव आलं, इथवर त्याने तेव्हाही ऐकलं होतं. आता हेडफोन काढायची सोय नव्हती. पुढे लांब शांतता होती, त्यात खुर्चीचं करकरणं, श्वास. मग ती सांडलेली अक्षरं. वाचायला फार कष्ट पडत होते. एकेक तुकडा तीनतीनदा लावावा लागत होता, तो पेन्सिलीने लिहीत होता, खोडत होता, आणि लागलं की मोठ्याने वाचून दाखवत होता. हात वाईट. वाचता येत नसेल तर माफ कर. दुसऱ्या तुकड्यात: औषधाने झोप येते. आज ऊन छान. तिसऱ्यात नुसतंच, आहे मी, आहे मी. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. चौथ्यात होतं, काल एक टिंब आलं. तुझंच. पुरे. त्याने पेन्सिल खाली ठेवली. ते टिंब त्याने पाडलं होतं. एका सकाळी, सातव्या की आठव्या, बोट चावीवर गेलं होतं, एक टिंब उमटलं होतं आणि त्याने विस्तवाला लागल्यासारखा हात मागे घेतला होता. एवढंसं टिंब खरखरीत कुणाला ऐकू जाणार, असं म्हणून त्याने ते स्वतःपुरतंसुद्धा पुसून टाकलं होतं. तिकडे त्या माणसाने ते उचललं होतं, आणि त्यावर उरलेले दिवस काढले होते. कशाचं टिंब, असं वहिनींनी विचारलं. त्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

पाच वाजले. आतल्या खोलीत यंत्राने हाक घालायला सुरुवात केली, सुबक, ठणठणीत, कुणी आहे का, कुणी आहे का. वहिनी उठल्या, आत गेल्या, आणि आवाज पूर्ण बारीक करून आल्या. त्यात ऐकू येत नाहीये आपल्याला, म्हणाल्या, आणि शेवटचा तुकडा लावला. तो सगळ्यांत वाईट होता. अर्धी अक्षरं अक्षरंच नव्हती. त्याने दहाबारा वेळा ऐकला. पेन्सिलीखाली शब्द हळूहळू जमत गेले आणि जमल्यावर तो काही वेळ ते वाचून न दाखवता नुसता बसला, कारण हे त्याला उद्देशून असलं तरी त्याचं नव्हतं.

'काय म्हणतायत?' वहिनींनी विचारलं.

त्याने वाचलं. 'ती दाराशी उभी आहे. फोनमध्ये घेते आहे. तिला वाटतं मला कळत नाही. राहू दे. ती असली की हात कमी थरथरतो.'

वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी कागद हातात घेतला, त्यावरच्या खाडाखोडीकडे बघितलं, आणि तो परत दिला. मग फोन दोघांच्या मध्ये टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, ह्यातलं 'ती' कुठलं? त्याला आधी कळलं नाही. आवाजातलं, त्या म्हणाल्या, ते कुठे म्हणालेत 'ती'? त्याने सांगितलं, एक रेघ येईल, आणि मग दोन टिंबं. रेघ तुटकी आहे, नीट ऐका. त्यांनी पुन्हा लावलं. निसटलं. पुन्हा लावलं, तो बोट वर करून आता, आता, असं दाखवायला गेला तेव्हा त्यांनी त्याचा हात खाली केला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून घेतले. फोनमधून श्वास ऐकू आला, खुर्ची करकरली, आणि मग एक तुटकी रेघ आणि तिच्यामागे घाईने दोन टिंबं.

'हां,' वहिनी म्हणाल्या. 'ही मी.'